स्टेन्सिलची खरी परीक्षा स्क्विजीच्या बाजूला

स्क्रीन प्रिंटिंगची स्टेन्सिल, म्हणजे जाळीवरचा आकृतीचा साचा, पाण्यानेच धुऊन घडवली जाते आणि जलाधारित शाई वापरायची असेल, तर पुढे तिला तासन्‌तास पाण्याच्याच संपर्कात टिकावे लागते. जाळीवर चढवलेल्या इमल्शनमध्ये, म्हणजे साचा घडवणाऱ्या लेपात, पाण्यात विरघळणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण आणि डायझोसारखे प्रकाशसंवेदी द्रव्य असते. अतिनील प्रकाश पडताच डायझो नायट्रोजन सोडून विघटित होते आणि त्या क्रियेत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या लांब साखळ्या एकमेकींशी जोडल्या जातात. पॉझिटिव्हच्या, म्हणजे आकृती असलेल्या पारदर्शक फिल्मच्या, काळ्या भागाखाली ही जोडणी होत नाही, म्हणून तेथील इमल्शन पाण्याबरोबर वाहून जाते.

अडचण थराच्या खोलीत असते. प्रकाश छपाईच्या, म्हणजे कागद किंवा कापडाला टेकणाऱ्या, बाजूने येतो आणि तेथील डायझो तो आधी शोषून घेते. त्याचा पिवळेपणा ओसरू लागला की मगच पुरेसा प्रकाश आत, स्क्विजीच्या (शाई जाळीतून दाबणाऱ्या रबरी पट्टीच्या) बाजूपर्यंत उतरतो. एक्सपोजर, म्हणजे प्रकाश देणे, कमी पडले, तर बाहेरून आकृती रेखीव दिसते, पण आतला थर कच्चाच राहतो आणि छपाईत घर्षण नेमके त्याच थराला सोसावे लागते. धुताना स्क्विजीची बाजू बोटाला बुळबुळीत लागली, तर ती स्टेन्सिल जलाधारित शाईपुढे फुगून सुटणार, हे निश्चित समजावे.

बारीक रेषा बुजतील या भीतीने एक्सपोजर आखडते घेतले जाते, आणि माझ्या मते स्टेन्सिल लवकर निकामी होण्यामागे हीच भीती सर्वांत जास्त असते. पांढऱ्या जाळीचे धागे प्रकाश आजूबाजूला पसरवतात, त्यामुळे ती भीती अगदीच निराधार नाही. परंतु पिवळी जाळी असा प्रकाश शोषून घेते आणि बारकावे न गमावता पूर्ण एक्सपोजर देता येते. योग्य वेळ ठरवण्यासाठी एकाच स्क्रीनवर पट्ट्यापट्ट्यांनी वेळ वाढवत जावे. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या रंगात फरक दिसेनासा झाला, की डायझोचे काम पूर्ण झाले.

एक्सपोजरआधी इमल्शन पूर्ण वाळलेले हवे, कारण थरात उरलेला ओलावा साखळ्यांच्या जोडणीत अडथळा आणतो. हाताला कोरडा लागणारा थर आतून ओला असू शकतो. म्हणून स्क्रीन अंधाऱ्या, कमी आर्द्रतेच्या जागी, साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आत वाळवावी. त्याहून अधिक उष्णतेने इमल्शन प्रकाशाविनाच घट्ट होऊ शकते.

धुऊन वाळलेली स्टेन्सिल स्क्विजीच्या बाजूने पुन्हा प्रकाशात ठेवली, तर उरलेले डायझोही वापरले जाते. मोठ्या छपाईसाठी वर रासायनिक हार्डनर लावता येतो, मात्र कच्च्या एक्सपोजरची भरपाई त्याने होत नाही. शिवाय एरवी स्टेन्सिल काढणारे सोडियम पिरिऑडेट अशा कडक झालेल्या थरावर सहसा चालत नाही, त्यामुळे ती जाळी पुन्हा वापरता येणार नाही असे धरूनच हार्डनरला हात घालावा.