खिडकीला नजर नाही, सॅनिटायझर लागलं

गेल्या महिन्यात मी माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला घरच्या घरी एक खिडकी बसवली. म्हणजे साइड पॅनलच्या पत्र्यात चौकोन कापला आणि तिथे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावलं. रात्री साडेदहाला घरच्यांना आणि शेजाऱ्यांना दाखवून झोपलो तेव्हा एकदम लख्ख होतं, आणि सकाळी बघतो तर चारही काठांना बारीक बारीक चिरा. कोणी हात लावला नव्हता, काही पडलं नव्हतं, मांजर आमच्याकडे नाही. आत्या रामबागेतून राहायला आली होती, तिने चष्मा लावून बघितलं आणि निदान करून टाकलं, "काल इतके जण वाहवा करून गेले, नजर लागली रे."

आता नजरेने तडे जात असते तर सराफ्यातल्या दागिन्यांच्या शोकेसा कधीच फुटल्या असत्या, निम्मं इंदूर त्यांच्याकडे डोळे लावून बसलेलं असतं. पण आत्याचं एक खरं होतं. ज्या वस्तूला कोणी हात लावला नाही ती रात्रीतून आपोआप कशी तडकते, हा प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त उत्तर चुकलं. आणि उत्तर इतकं भारी निघालं की खिडकी राहिली बाजूला, मी आठवडाभर त्या चिरांकडेच बघत बसलो.

आधी काम काय केलं ते थोडक्यात सांगतो. कॅबिनेट पूर्ण रिकामं केलं (हे करायचंच, पत्र्याचा बुरा मदरबोर्डवर पडला तर पुढची कथा वेगळीच होते), पॅनलवर मास्किंग टेप लावून खुणा केल्या, जिगसॉने कापलं, काठ कानशीने घासले. अ‍ॅक्रिलिक ३ मिलिमीटरचं, तो तुकडा एका नेमप्लेट-ट्रॉफीवाल्याकडून लेझरने कापून घेतला. तो म्हणाला "भिया, दो मिनिट का काम है" आणि खरंच दोन मिनिटांत झालं. काठ काचेसारखे चकचकीत, मी खूश. घरी आणून बोटांचे ठसे पुसायला जवळ सॅनिटायझर होतं तेच फडक्यावर घेतलं आणि काठासकट सगळं मस्त पुसून काढलं. बस, इथेच माती खाल्ली.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, पीएमएमए. १९३०च्या दशकात बाजारात आलं, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर याचीच झाकणं होती. तेव्हा वैमानिकांच्या डोळ्यात याच्या किरच्या घुसायच्या, पण डोळा त्यांच्यावर फारसा चिडत नाही असं हॅरल्ड रिडली नावाच्या ब्रिटिश डॉक्टरच्या लक्षात आलं, आणि १९४९ साली त्याने मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात याच पदार्थाची लेन्स बसवली. याच्यातून ९२ टक्के प्रकाश पार जातो. उरलेला बहुतेक सगळा दोन पृष्ठभागांवरून, प्रत्येकी चारेक टक्के, परत फिरतो. म्हणजे आतमध्ये जवळजवळ काहीच अडत नाही.

पण हे झालं डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचं. कापणारा लेझर कार्बन डायऑक्साइडचा असतो, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, हिरव्या प्रकाशाच्या वीसपट, आणि त्या प्रकाशासाठी हेच अ‍ॅक्रिलिक डांबरासारखं काळं. सगळी उष्णता वरच्या पातळ थरातच शोषली जाते आणि पदार्थ वितळायच्या भानगडीत न पडता जवळपास वाफच होऊन जातो. कापताना जो गोडसर उग्र वास येतो ना, दातांची कवळी बनवतात तिथे येतो तसा, तो या वाफेचाच. हा लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी शोधला, जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंग पुण्याचं. आपल्या इंदुरात कॅट रोडच्या टोकाला १९८४ साली स्थापन झालेली, लेझरवर काम करणारी एवढी मोठी सरकारी प्रयोगशाळा आहे, आणि आपल्याला लेझर म्हटलं की लग्नाच्या वरातीतले हिरवे किरण आठवतात, असो.

आता खरी गंमत. लेझर पुढे सरकतो तेव्हा काठाचा थोडासा भाग तापून मऊ पडतो, साधारण १०५ अंशांच्या वर अ‍ॅक्रिलिक काचेसारखं कडक राहत नाही, रबरासारखं होतं. तापलं की त्याला पसरायचं असतं, पण बाजूचं थंड अ‍ॅक्रिलिक पसरू देत नाही, म्हणून ते मऊ अवस्थेतच दबून जागच्या जागी बसतं. मग थंड होताना त्याला आकसायचं असतं आणि आताही शेजारी आकसू देत नाही. पण आता ते कडक झालेलं आहे, हलता येत नाही, तर तो काठ कायमचा ताणलेला राहतो, चारही बाजूंनी रबरबँड ताणून चिकटवल्यासारखा. बाहेरून काही दिसत नाही, हाताला लागत नाही, पण ताण आत कोंडलेला.

किती ताण? हिशोब करून बघू, ज्यांना आकडे नकोत त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. अ‍ॅक्रिलिक एका अंशाला लांबीच्या दहा लाखांत ७० भाग एवढं आकसतं. १०५ वरून ३० अंशांवर येताना फरक ७५ अंशांचा, म्हणजे आकसायचं होतं साधारण अर्धा टक्का, आणि आकसता आलं नाही म्हणून तेवढाच अर्धा टक्का ते ताणलेलं आहे. ताठरपणा साधारण ३ गिगापास्कल, म्हणजे ३००० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक), गुणाकार केला की आले १५-१६ मेगापास्कल. तुटायला ७०च्या आसपास लागतात. म्हणजे कोरडं असताना आरामात टिकतं, वर्षानुवर्षं. छिद्र पाडलं तर त्याच्या काठावर ताण तिपटीपर्यंत जाऊ शकतो म्हणून तिथे जपायचं, पण मी तोवर छिद्रं पाडलीच नव्हती, डबल टेपने चिकटवलं होतं.

मग सॅनिटायझरने काय केलं? अ‍ॅक्रिलिकच्या आत लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, ताटातल्या शेवयांसारख्या, आणि त्या गुंत्यावरच सगळी ताकद आहे. अल्कोहोलचा रेणू छोटा, तो ताणलेल्या पृष्ठभागातून या साखळ्यांच्या मध्ये शिरतो आणि शेवयांना तूप लावल्यासारखं करतो. नुसता शिरला तर फार काही बिघडत नाही, उडून जातो. नुसता ताण असेल तरी काही होत नाही. दोघं एकत्र आले की साखळ्या ताणाच्या दिशेने घसरायला लागतात, मध्ये पोकळ्या पडतात, आणि जिथे एक पोकळी पडली तिथे आणखी अल्कोहोल ओढलं जातं. याला क्रेझिंग म्हणतात. सुरुवातीला ती खरी चीर नसतेच, दोन काठ अतिशय बारीक धाग्यांनी अजून शिवलेले असतात. म्हणूनच नखाला ती लागत नाही, पण आतल्या पोकळ्यांवरून प्रकाश परततो म्हणून चांदीसारखी चमकते. पुढे ते धागे तुटले की मग खरा तडा.

आणि पुरावा चिरांच्या दिशेतच होता. भिंग घेऊन बघितलं तर एकूण एक चीर काठाला काटकोनात, फणीच्या दातांसारखी, दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन थांबलेली. तुकडा जरा तिरका केला की सगळ्या एकदम चमकायच्या, आणखी तिरका केला की गायब. चीर नेहमी ताणाला आडवी पडते, म्हणजे ताण काठाच्या लांबीला धरून होता, आणि काठापासून आत गेलं की संपत होता. नजर लागली असती तर मधोमध लागली असती ना, बघणारे सगळे मध्येच बघत होते.

हा ताण चिरा पडायच्या आधीसुद्धा दिसतो! एलसीडी मॉनिटरवर कोरी पांढरी विंडो उघडा, त्याचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे एकाच दिशेत डोलणारा. पोलराइज्ड गॉगल घ्या, स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवा, आणि मध्ये पारदर्शक प्लास्टिक धरा. मुलाच्या कंपासपेटीतली पारदर्शक मोजपट्टी धरली तर इंद्रधनुष्यच. ताणामुळे प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात आणि एक मागे पडतो, त्यातून हे रंग. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हे काचेत दोनशे वर्षांपूर्वी दाखवलं होतं. अ‍ॅक्रिलिक याबाबतीत जरा लाजाळू, पॉलिकार्बोनेट नावाच्या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या वीसेक पट कमी, त्यामुळे रंग नाहीत. पण त्याच दुकानातून आणलेल्या दुसऱ्या तुकड्याच्या काठाला, तिरका धरल्यावर, करड्या-पांढऱ्या उजेडाची एक बारीक पट्टी स्पष्ट दिसली. आत्यालाही दाखवली. ती म्हणाली, "हीच ती नजर."

उपाय जुनाच, भाजायचं. हा दुसरा तुकडा मुद्दाम ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, मावेल असा २० बाय २५ सेंटीमीटरचा घेतला होता, ८० अंशांवर चार तास ठेवला, मग दार न उघडता रात्रभर तसाच थंड होऊ दिला. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास नको, आत थर्मामीटर ठेवा, शंभर ओलांडलं की पापड होईल. ८० अंशांना साखळ्यांना थोडं हलता येतं, त्या हळूहळू सैल होऊन बसतात, आकार मात्र बदलत नाही. सकाळी गॉगल लावून बघितलं, पट्टी जवळपास गेली होती. पुसायला आता फक्त पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, तेही मशीन बंद असताना आणि ओल्या फडक्याने, कोरडं घासलं तर स्थिर विद्युत तयार होते आणि धूळ दुप्पट चिकटते.

बाकी दोन प्रश्न सगळेच विचारतात. खिडकीने कॉम्प्युटर तापतो का? नाही, कॅबिनेटमधली उष्णता मुख्यतः पंखे बाहेर काढतात, पत्रा नाही. रेडिएशन बाहेर येतं का? पत्रा कमी झाला म्हणजे रेडिओ लहरी थोड्या जास्त निसटतील, फार तर जवळच्या रेडिओत खरखर येईल, अंगाला काही होत नाही. मोबाइलवर चिकटवायला जे अँटी-रेडिएशन चिप म्हणून विकतात ते स्टिकर आहे.

या वेळी खिडकी स्क्रूने बसवली. छिद्रं स्क्रूपेक्षा एक मिलिमीटर मोठी ठेवली, कारण हिवाळा ते उन्हाळा ३० अंशांचा फरक धरला तर २५ सेंटीमीटरचं अ‍ॅक्रिलिक अर्धा मिलिमीटर वाढतं आणि पत्रा त्याचा सहावा हिस्सा. खाली रबरी वॉशर, आणि स्क्रू कचकचून आवळलेले नाहीत. आत्याने जाण्याआधी खालच्या डाव्या कोपऱ्यात काजळाची तीट लावली आहे. काजळ एरंडेलातलं आहे, अल्कोहोल नाही, आणि काठ भाजलेला आहे, म्हणून राहू दिलीय.