बोर्डावर सत्तेचाळिसावं मॅटर

माझी मामेबहीण वकील आहे. पहिली चार वर्षं ती मुंबईतल्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये होती. पगार उत्तम, पण घरी यायला रात्रीचे अकरा. मग तिने ती नोकरी सोडली आणि पागडीच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंचे दावे घ्यायला लागली. उत्पन्न निम्म्यावर आलं. मामा अजून हळहळतात. ती मात्र आता शांत झोपते. तिचा स्वभावच वेगळा, असं मला वाटायचं. एका अभ्यासाने ते मत बदललं.

लॉरेन्स क्रीगर हे कायद्याचे प्राध्यापक आणि केनन शेल्डन हे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी अमेरिकेतल्या चार राज्यांतल्या सहा हजारांहून जास्त वकिलांची पाहणी केली आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. वकिलाचं सुख कशाशी किती जोडलेलं आहे, हे त्यांनी सहसंबंधाच्या आकड्यात मोजलं. शून्य म्हणजे काही संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध. उत्पन्नाचा आकडा आला ०.१९. लॉ स्कूलमधल्या क्रमांकाचा त्याहूनही कमी, ०.१२. पण आपलं काम आपल्या मनाला पटलेलं आहे ही भावना ०.६६, माणसांशी जवळीक ०.६५ आणि काम आपल्याला नीट जमतंय हा विश्वास ०.६३. या आकड्यांचा वर्ग केला की फरक डोळ्यांत भरतो. सुखातल्या चढउतारांपैकी सुमारे ४४ टक्के भाग मनाला पटण्याशी जुळतो, उत्पन्नाशी ४ टक्केही नाही. अर्थात एकदाच केलेल्या पाहणीवरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे सिद्ध होत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी या तीन गोष्टींना मनाच्या मूलभूत गरजा म्हटलं आहे. शरीराला पाणी, तशा मनाला या.

आता आपल्याकडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात या. सीनियर फाइल हातात देतात, "तारीख घेऊन ये," आणि दुसऱ्या कोर्टात निघून जातात. ज्युनियरचं मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीत, सत्तेचाळिसावं. एकतिसाव्याचा युक्तिवाद लांबतो. डबा पिशवीतच राहतो. अखेर पुकारा होतो आणि न्यायाधीश विचारतात, "तारीख कशासाठी?" तिला कारण कोणी सांगितलेलंच नसतं. त्या एका क्षणात तिन्ही गरजांवर घाव बसतो.

सीनियरने दोनच मिनिटं थांबून, "पक्षकाराची आई दवाखान्यात आहे. किती दिवस मागावेत, तुला काय वाटतं?" एवढं विचारलं असतं तर? वरिष्ठ कारण समजावून सांगतात, मत ऐकून घेतात, निवडीला वाव देतात, यालाही त्या अभ्यासात आकडा आहे: ०.४६. उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. आणि याला एक पैसाही लागत नाही.

पण म्हणून कोणी ज्युनियरला "पैशांत काय ठेवलंय" असं ऐकवू नये. हे निष्कर्ष ज्यांचं पोट वकिलीवर भरतं, त्यांच्याबद्दल आहेत. विरारहून लोकलने येणाऱ्या पोराला पास आणि घरभाडं भागवायचं असतं. वकिलीचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनियरला महिना किमान २०,००० रुपये स्टायपेंड द्यावा असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. ती सक्तीची व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्याच अभ्यासात सरकारी आणि लोकसेवेतले वकील बड्या फर्ममधल्या वकिलांपेक्षा कमी कमावत होते, तरी जास्त सुखी होते. दारूही कमी पीत होते.

परवा मी बहिणीकडे गेले तर जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा एक गंजका डबा उघडा होता. आत एका आजींनी जपून ठेवलेल्या भाडेपावत्या. साडेअकरा वाजून गेले होते, ती त्या सालवार लावत होती.

"तिकडेही एवढाच उशीर व्हायचा ना?" मी विचारलं.

"हो. पण तिकडे आजी नव्हत्या," ती म्हणाली. "ती १९८७ ची पावती दे बघू इकडे."