तूट कोणाची?

ब्रिटनमधला सब-पोस्टमास्तर हा सहसा सरकारी नोकर नसतो. गावात किराणा दुकान चालवायचं, त्याच्याच एका कोपऱ्यात पोस्टाची खिडकी, असा हा कंत्राटी धंदा. करारातली एक अट मात्र जाचक होती: निष्काळजीपणाने किंवा चुकीने हिशोबात तूट आली, तर ती पदरची भरायची. कागदी वह्यांच्या काळात ती निभावून जायची, कारण पानं उलटून चूक हुडकता यायची.

१९९९पासून या खिडक्यांवर ‘होरायझन’ ही संगणकावर हिशोब ठेवणारी प्रणाली आली. मुळात ही प्रणाली १९९६मध्ये सरकारी भत्ते कार्डावर वाटण्याच्या योजनेतून निघाली. भत्ते देणारं सरकारी खातं मध्येच बाहेर पडलं आणि उरलेलं लोढणं पोस्टाच्या गळ्यात आलं. बनवणारी आयसीएल ही कंपनी, तिची मालकी जपानच्या फुजित्सूची.

चुका कशा व्हायच्या, याचा स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनचा २०१५चा नमुना पाहा. एका शाखेतून दुसऱ्या फिरत्या खिडकीकडे ८,००० पौंडांची रोकड चढवायची होती. पावती निघाली, पण पडदा हलेना. माणसाने साहजिकच पुन्हा एंटर दाबलं, मग आणखी दोनदा. रोकड एकदाच गेली, नोंद मात्र चार वेळा झाली. कागदावर २४,००० पौंडांची तूट!

ब्रिडलिंग्टनच्या एका सब-पोस्टमास्तराने मदतकेंद्राला ९१ फोन केले. तरी सुमारे २५,००० पौंडांसाठी त्याच्यावर दावा लागला, २००७मध्ये तो हरला आणि खटल्याच्या ३,२१,००० पौंड खर्चाने त्याचं दिवाळं निघालं. ‘अशी तक्रार तुमची एकट्याचीच आहे’, हे अनेकांना ऐकवलं गेलं. प्रत्येक जण आपापल्या गावात एकटा, त्यामुळे पटायचंही.

अशा तुटींपायी ९००हून अधिक लोक कोर्टात गुन्हेगार ठरले, पण नुसत्या बिघाडाने एवढं होत नाही. त्यातले सुमारे ७०० खटले पोस्टाने स्वतःच भरले: फिर्यादीही तेच, तपास करणारेही तेच. त्याला कायद्याचा आधार मिळाला. १९८४च्या कायद्यानुसार इंग्लंडच्या फौजदारी कोर्टात संगणकाचा पुरावा द्यायचा, तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागे. एप्रिल २०००मध्ये ते कलम गेलं. तेव्हापासून यंत्र बरोबरच धरायचं, चुकलं असेल तर ते आरोपीने दाखवायचं. आणि दाखवायला लागणारी आतली नोंद पोस्ट आणि फुजित्सूकडे!

गंमत अशी, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या तेव्हाच्या पुरावा कायद्यात ६५ब हे कलम आलं आणि संगणकाच्या पुराव्याला प्रमाणपत्र लागू लागलं. त्याची भाषा घेतली ब्रिटनच्याच १९६८च्या दिवाणी पुराव्याच्या कायद्यातून, जी तिकडे तोवर मोडीत निघाली होती. आपल्याकडे हे प्रमाणपत्र पुष्कळदा ठरावीक मजकुराखाली सही ठोकून मिळतं, ते सोडा.

माजी सब-पोस्टमास्तर अॅलन बेट्स आणि इतर ५५४ जणांनी पोस्टावर लावलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष मान्य केले. दूर बसून फुजित्सूला शाखेच्या हिशोबात फेरफार करता येत होते, हेही तेव्हा शाबीत झालं. पोस्टाने तडजोडीत दिलेले ५.७७५ कोटी पौंड बहुतांशी वकिली खर्चातच गेले. एप्रिल २०२१मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, मे २०२४मध्ये संसदेने कायदाच करून उरलेल्या शेकडो जणांची. यंत्र बरोबर धरण्याच्या नियमाचं काय करायचं, यावर सरकारने लोकांची मतं मागवली ती जानेवारी २०२५मध्ये.