ट्रॅक्टरला गॅस किट : आरसीवरची नोंद, कागदपत्रे आणि घरी इंधन भरण्याचे नियम

अमेरिकेत १९४०च्या दशकापासून काही दशके एलपी गॅसवर (म्हणजे एलपीजीवर, तिथे तो मुख्यतः प्रोपेन) चालणारे ट्रॅक्टर कारखान्यातूनच बाहेर पडत, आणि शेतावरच्या मोठ्या प्रोपेन टाकीतून ते भरले जात. तसले व्हिडिओ पाहिले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरचा सिलिंडर लावला तर चालेल का? नाही. म्हणून किटची किंमत विचारण्याआधी गॅस कुठे भरणार, हे ठरवा. बाकीची कागदपत्रे जमतात, अडचण इथेच येते.

घरी काय भरता येते?

डिझेल. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार डिझेल ‘ब’ वर्गात येते. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येते. अट एवढीच, की कोणत्याही एका भांड्याची क्षमता १,००० लिटरपेक्षा जास्त नसावी. म्हणजे २०० लिटरचे बॅरल आणि हातपंप कायद्यात बसतात, पण दोन हजार लिटरची एकच टाकी बसत नाही, मग तिच्यात डिझेल अर्धेच असले तरी. पेट्रोलला ही सवलत नाही. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंतच ठेवता येते.

एलपीजीचे गणित वेगळे. सिलिंडरमधला १०० किलोपर्यंतचा एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो, हे खरे. पण ती सवलत साठवणुकीपुरती आहे, भरण्याची नव्हे. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो. तो वाहनाला जोडणे किंवा त्यातून वाहनाच्या टाकीत गॅस उतरवणे हा अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे.

यामागे तांत्रिक कारणही आहे. एलपीजीची टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरायची असते, कारण द्रव तापला की फुगतो आणि त्याला वर मोकळी जागा लागते. ऑटो एलपीजीच्या टाकीत यासाठी झडप असते. सिलिंडर उलटा टांगून पाइपने भरताना ही झडप बहुतेकदा मध्ये नसतेच. टाकी काठोकाठ भरते आणि दुपारच्या उन्हात तिच्यातला दाब झपाट्याने चढतो. शिवाय प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळाला तर गोठ्याच्या कोपऱ्यात, मोटरच्या खड्ड्यात साचून राहतो. ठिणगीला तेवढे पुरते.

गोबरगॅसबद्दलही विचारणा होते. कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा पण धातू खाणारा हायड्रोजन सल्फाइड. वाहनात भरायच्या बायो-सीएनजीसाठी आयएस १६०८७ हे मानक किमान ९० टक्के मिथेन मागते. त्यामुळे शुद्धीकरण आणि दाबयंत्रणा लागते, आणि सिलिंडर भरायला केंद्राच्या स्फोटके विभागाचा, म्हणजे पेसोचा, परवाना. एका घरच्या प्लँटला ते परवडत नाही.

कोणता गॅस मान्य आहे?

१२ फेब्रुवारी २०२१ रोजी नितीन गडकरींनी डिझेलवरून सीएनजीवर रूपांतरित केलेला ट्रॅक्टर दिल्लीत सादर केला. त्याच वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दुरुस्ती होऊन वापरातल्या ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि हार्वेस्टरचे इंजिन बदलण्याची वाट खुली झाली. ती सीएनजी, बायो-सीएनजी आणि एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) यांसाठी आहे. कोणी प्रोपेन किंवा एलपीजी किट ‘पास करून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्याकडे तुमच्या ट्रॅक्टरच्या मॉडेलचे मान्यता प्रमाणपत्र मागा. विषय बहुधा तिथेच मिटेल.

आता पंपाचे अंतर. २०० बार दाबाला ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये जेमतेम १० किलो सीएनजी बसतो. उष्णतेच्या हिशेबाने ते १३-१४ लिटर डिझेल. रोटाव्हेटर मारताना तासाला पाच लिटर डिझेल पिणाऱ्या ट्रॅक्टरचे हे तीन तासांचेही काम नाही. पंप वीस किलोमीटरवर असेल तर नांगरणीच्या दिवसांत अर्धा दिवस रस्त्यावरच जाईल. अशा ठिकाणी ड्युअल फ्युएल किट बरे, कारण त्यात डिझेल यंत्रणा कायम राहते आणि गॅस संपला तरी काम थांबत नाही. पूर्ण सीएनजी रूपांतरात इंजेक्टरच्या जागी स्पार्क प्लग येतात, कॉम्प्रेशन कमी केले जाते; पुन्हा डिझेलवर येणे सोपे राहत नाही.

अर्जाआधीची पात्रता

ट्रॅक्टर अर्जदाराच्याच नावावर हवा. वडील वारले आणि ट्रॅक्टर अजून त्यांच्याच नावावर आहे, असे बरेचदा असते. तसे असेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतरण करा. आरसीची मुदत शिल्लक हवी. पंधरा वर्षे उलटली असतील तर नूतनीकरण आधी. कर्ज चालू असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते.

किटचे मान्यता प्रमाणपत्र अधिकृत चाचणी संस्थेचे हवे; पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, बुदनीची ट्रॅक्टर चाचणी संस्था ही नावे त्यावर दिसतात. किटची मान्यता तीन वर्षांची असते आणि दर वेळी तिचे नूतनीकरण करावे लागते. म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख आणि त्यातली मेक-मॉडेलची यादी स्वतः वाचा. दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरचे प्रमाणपत्र झेरॉक्स करून चिकटवलेले पुढे चालत नाही. सिलिंडरला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची मान्यता वेगळी लागते.

कागदपत्रे

मूळ आरसी, चालू विमा, आधार व पॅन (पॅन नसल्यास फॉर्म ६०), किटच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत, सिलिंडरचे पेसो मान्यतापत्र व चाचणी प्रमाणपत्र, अधिकृत वर्कशॉपचे फिटमेंट प्रमाणपत्र, गळती चाचणीचा अहवाल, जीएसटी बिल, लागू असल्यास फायनान्सरची संमती, आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट.

हा प्रिंट घ्यायला आधी नंबरवरचे ग्रीस आणि माती डिझेलच्या बोळ्याने पुसा, जागा पूर्ण कोरडी करा, मग पातळ कागद घट्ट धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा. ओल्या जागेवर आकडे फुटतात. ३ चा ८ दिसला की फाइल परत.

अर्ज

किट बसल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बंधनकारक आहे. किट बसवण्याआधीच प्रमाणपत्रांच्या प्रती निरीक्षकांना दाखवून घेतल्या तर पैसे अडकत नाहीत. नियमात न बसणारा बदल केल्यास कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

परिवहनच्या वाहन पोर्टलवर राज्य निवडून गाडी क्रमांक आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक-अक्षरे टाका. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. जुन्या ट्रॅक्टरवर डीलरचा नंबर नोंदलेला सापडतो. तसे असल्यास आधी मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा लागेल. मग वाहनातील बदलाची सेवा निवडून इंधनाचा प्रकार भरा. पूर्ण रूपांतराला ‘सीएनजी ओन्ली’, दुहेरीला ‘ड्युअल डिझेल/सीएनजी’. इथली चूक नंतर दुरुस्त करायला नवा अर्ज लागतो. शुल्क भरून पावती काढा, तपासणीची वेळ घ्या आणि ट्रॅक्टर घेऊन जा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असल्याने ती नेण्याची गरज नाही.

निरीक्षक सर्वात आधी सिलिंडरच्या मानेवर ठोकलेला क्रमांक फिटमेंट प्रमाणपत्राशी जुळवतात. सर्वाधिक अर्ज इथेच अडतात: वर्कशॉप प्रमाणपत्र आधी टाइप करून ठेवते आणि सिलिंडर ऐनवेळी दुसराच बसवते. सिलिंडर पट्ट्यांनी आवळलेला हवा, पट्ट्यांखाली रबर हवे. सिलिंडरला कुठेही वेल्डिंग दिसले तर तो नाकारला जातो. ट्रॅक्टरचा हादरा कारपेक्षा फार जास्त, त्यामुळे पहिल्या काही दिवसांच्या कामानंतर पट्ट्यांचे नट पुन्हा आवळून घ्या आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघा.

नवी आरसी हातात आली की तिची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर किटची नोंद करून घ्या. आरसी सीएनजीची आणि पॉलिसी डिझेलची असेल, तर दाव्याच्या वेळी वाद होतो. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख सिलिंडरच्या माहिती-पाटीवर वाचता येईल अशी ठेवा, कारण मुदत उलटलेला सिलिंडर पंपावर भरून मिळत नाही.