कण्यातील इंजेक्शनांनंतरची गुंतागुंत व उपचार

जुनाट कंबरदुखी, पाठदुखी किंवा सायटिकासाठी पाठीच्या कण्यात व त्याच्या भोवती जी इंजेक्शने देतात, त्यांच्यामुळे क्वचित होणारे अपाय ओळखणे, टाळणे आणि निस्तरणे या गोष्टी या विषयात येतात. इंजेक्शनाची सर्वांत परिचित जागा म्हणजे एपिड्यूरल पोकळी. मज्जारज्जू आणि त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांभोवती एक चिवट आवरण असते, त्याला ड्यूरा म्हणतात. ड्यूराच्या बाहेर चरबी व शिरांनी भरलेली जी अरुंद जागा उरते ती ही पोकळी. मणक्यांमागच्या फॅसेट सांध्यांत, त्यांच्या बारीक मज्जातंतूंजवळ आणि कमरेखालच्या सॅक्रोइलिअ‍ॅक सांध्यातही इंजेक्शने दिली जातात, पण गंभीर अपाय बहुतांशी एपिड्यूरल इंजेक्शनांशी निगडित आहेत.

औषध म्हणून सहसा स्टेरॉइड व जागेपुरती भूल देणारे औषध एकत्र वापरतात. स्टेरॉइडने दबलेल्या मज्जातंतूभोवतीची सूज उतरते, पण मणक्यांमधली सरकलेली चकती किंवा मज्जारज्जूचा अरुंद झालेला कालवा तसाच राहतो. त्यामुळे आराम मिळतो तो काही आठवडे, फार तर काही महिने. उलट मज्जारज्जूला झालेली इजा जन्मभर पुरते. हे विषम गणित लक्षात घेतले की गुंतागुंत दुर्मीळ असूनही वेदनातज्ज्ञ तिला एवढे महत्त्व का देतात, ते कळते.

सुई टोचताना घेरी येणे, घाम फुटणे, नाडी मंदावणे हे प्रकार त्यातल्या त्यात नेहमीचे. रुग्णाला आडवे करून पाय वर उचलले की बहुतेकदा भागते. टोचलेल्या जागी एक-दोन दिवस ठणका राहतो किंवा मूळ दुखणे थोडे उसळते, तेही आपोआप शमते.

सुई ड्यूराला भोक पाडून आत गेली तर मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव झिरपू लागतो आणि दोन-तीन दिवसांत विशिष्ट डोकेदुखी सुरू होते. उठून बसले की डोके फुटेल असे वाटते आणि आडवे झाले की काही मिनिटांत उतार पडतो. सोबत मळमळ, मान आखडणे, कानात दडे बसणे असू शकते. जर्मन शल्यचिकित्सक आउगुस्ट बीअर यांनी 1898 मध्ये कण्यातील भुलीचा प्रयोग स्वतःवर करून घेतला, त्यात बराच द्रव वाहून गेला आणि ही डोकेदुखी त्यांनी अनेक दिवस सोसली. सौम्य असल्यास विश्रांती, पुरेसे पाणी, वेदनाशामक गोळ्या व कॅफीन यांवर ती निभावते. आधीपासून सक्तीने झोपवून ठेवल्याने ती टळत नाही. ती ओसरत नसेल तर ‘ब्लड पॅच’ करतात : रुग्णाच्याच हातातून निर्जंतुक रीतीने काढलेले 15 ते 20 मिलिलिटर रक्त गळतीच्या जागेजवळ एपिड्यूरल पोकळीत सोडतात. ते गोठून भोक बुजते, आणि बऱ्याच जणांचे डोके टेबलावरून उतरण्यापूर्वीच हलके होते. अमेरिकन शल्यचिकित्सक जेम्स गॉर्मली यांना ही कल्पना 1960 मध्ये एका साध्या निरीक्षणावरून सुचली. सुई घालताना ज्यांना रक्त आले होते, त्यांचे डोके कमी दुखत होते. ताप असेल किंवा रक्त गोठण्यात दोष असेल तर मात्र ब्लड पॅच करत नाहीत. आडवे झाल्यावरही डोके दुखतच राहिले, झापड येऊ लागली, तर मेंदूभोवती रक्त साचल्याची शंका घेऊन तातडीने स्कॅन करावा लागतो.

एपिड्यूरल पोकळीतील शिरेला इजा होऊन तेथे रक्त साचणे ही दुर्मीळ, पण सर्वांत निकडीची अवस्था. हाडाच्या बंदिस्त कालव्यात रक्ताला पसरायला जागा नसते, म्हणून दाब थेट मज्जारज्जूवर किंवा मुळांवर येतो. पाठीत अचानक तीव्र कळ, पायांतले बळ जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा, लघवी तुंबणे ही तिची खूण. इंजेक्शननंतर पाय काही तास जड वाटणे हे भुलीच्या औषधामुळेही घडते आणि इथेच फसगत होते. ढोबळ नियम असा, की भुलीचा जडपणा तासातासाने कमी होतो. तो वाढत चालला किंवा पूर्ण उतरून परत आला, तर तो भुलीचा नव्हे. अशा वेळी ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ म्हणणे म्हणजे पाय गमावण्याची जोखीम घेणे होय. एमआरआय लगेच हवा, आणि निदान पक्के झाले की दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया. लक्षणे सुरू झाल्यापासून 8 ते 12 तासांत ती झाली तर बळ परत येण्याची आशा चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. हा धोका रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे वाढतो. वॉरफरिन साधारण 5 दिवस आधी थांबवून रक्ताची तपासणी करतात, क्लोपिडोग्रेल 5 ते 7 दिवस आधी थांबवतात. परंतु हृदयात नुकताच स्टेंट बसवलेल्या रुग्णाने गोळी परस्पर बंद केली तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यायचा असतो.

जंतुसंसर्ग सावकाश डोके वर काढतो, काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी. ताप, पाठदुखी व पायांतील अशक्तपणा ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच. स्टेरॉइडने ताप दबतो आणि पाठदुखी तर आधीपासूनची असते, त्यामुळे ‘जुनेच दुखणे उलटले’ असे रुग्णालाही वाटते आणि डॉक्टरलाही. मधुमेह असलेल्यांत हा धोका अधिक. रात्री झोपू न देणारे नवे दुखणे असल्यास सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी), रक्तातील जंतूंची तपासणी व एमआरआय करतात. पू साचल्यास अनेक आठवडे प्रतिजैविके, आणि मज्जारज्जू दबत असल्यास शस्त्रक्रिया. बहुतेक गळवे त्वचेवर राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होतात, म्हणूनच त्वचा नीट निर्जंतुक करणे, डॉक्टरांनी तोंडाला मास्क लावणे आणि एकाच रुग्णासाठीची कुपी दुसऱ्याला न वापरणे या साध्या वाटणाऱ्या गोष्टींना इथे तोड नाही. कुपीच दूषित असली तर काय होते, ते 2012 मध्ये अमेरिकेत दिसले. न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या औषधे बनवणाऱ्या कंपनीत तयार झालेल्या मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमध्ये बुरशी होती. 20 राज्यांत 753 जणांना संसर्ग झाला, 64 जण दगावले. कित्येकांना बुरशीजन्य मेंदूज्वर झाला आणि व्होरिकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागली.

यापेक्षाही भयंकर अपाय क्षणात घडतो. मज्जातंतू बाहेर पडण्याच्या छिद्रातून सुई घालताना ती एखाद्या बारीक धमनीत शिरली आणि कणयुक्त स्टेरॉइड आत गेले, तर ते कण एकत्र येऊन मज्जारज्जूचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा तोडतात. मानेत हा धोका विशेष. मिथिलप्रेडनिसोलोन व ट्रायमसिनोलोन ही कणयुक्त औषधे, तर डेक्सामेथासोन पूर्ण विरघळलेले असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल 2014 मध्ये एपिड्यूरल स्टेरॉइडबाबत दृष्टी जाणे, मेंदूचा झटका, अवयव लुळे पडणे व मृत्यू यांचा इशारा दिला. एकदा हे घडले की ते उलटवणारा खात्रीचा उपचार नाही, त्यामुळे सगळा भर प्रतिबंधावर आहे : चालू क्ष-किरणांखाली आधी कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य) सोडून तो कुठे वाहतो हे पाहणे, मानेच्या छिद्रांत कणयुक्त औषध न वापरणे, आणि रुग्णाला गाढ गुंगी न देणे. सुई मज्जातंतूला लागल्याची कळ जागा असलेला रुग्णच सांगू शकतो.

भुलीचे औषध चुकून ड्यूराच्या आत गेले तर दोन्ही पाय लुळे पडतात, रक्तदाब कोसळतो, औषध वर चढल्यास श्वासही मंदावतो. शिरेतून सलाइन, रक्तदाब वाढवणारी औषधे व गरजेनुसार कृत्रिम श्वास देऊन हा काळ पार करता येतो. ते रक्तवाहिनीत गेले तर तोंडात धातूची चव, कानात आवाज, झटके आणि हृदयाची लय बिघडणे असा क्रम दिसू शकतो. त्यावर 20 टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचे दुधाळ मिश्रण) शिरेतून देतात. ही इंजेक्शने देणाऱ्या खोलीत ते हाताशीच असले पाहिजे.

स्टेरॉइडचे शरीरभर परिणामही होतात. मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, चेहरा लाल होतो, झोप उडते, मासिक पाळी बिघडते. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे काम काही आठवडे दबू शकते. एचआयव्हीसाठी रिटोनाव्हिर घेणाऱ्यांच्या शरीरातून ट्रायमसिनोलोन लवकर बाहेर पडत नाही. त्यांचा चेहरा एका इंजेक्शननंतरही गोल सुजतो आणि पुढे स्टेरॉइडचा अंमल ओसरला की रक्तदाब उतरून कमालीचा थकवा येतो. म्हणून चालू औषधांची यादी आधीच तपासतात.