विरोळ्याच्या नावातला कंस

पैठणला नाथसागराच्या काठी जाळं सोडवताना आत विरोळा निघाला. काहीजण याला दिवड म्हणतात. चिडून त्याने मान चपटी केली, डोकं उचललं. लगेच "नाग, नाग" असा ओरडा झाला आणि काठ्या उचलल्या गेल्या. डोळ्याखालून आणि डोळ्यामागून खाली उतरणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेघा दाखवल्या, तेव्हा कुठे तो वाचला. हा साप बिनविषारी. चावतो मात्र कडकडून. ओळख पक्की नसेल तर सरळ दवाखाना गाठावा. मांत्रिकाने 'उतरवलेलं' विष पुष्कळदा अशाच सापाचं असतं, म्हणजे मुळात नसतंच.

तिथल्याच कॉलेजातल्या एका पोराने विचारलं, "जुन्या पुस्तकात नॅट्रिक्स पिस्केटर, नंतरच्या पुस्तकात झेनोक्रोफिस पिस्केटर, मोबाइलवर फाउलिया पिस्केटर. खरं कोणतं?"

शाळेच्या हजेरीपटासारखं इथेही आडनाव आधी येतं. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, दुसरा त्या जातीचा. श्नायडर या जर्मन अभ्यासकाने १७९९ साली या सापाला हायड्रस पिस्केटर म्हटलं. नात्याची समज बदलत गेली, तसं आडनाव बदललं. आज पूर्ण नाव असं लिहितात: फाउलिया पिस्केटर (श्नायडर, १७९९). तो कंस शोभेचा नाही. नाव देणाऱ्याने जात ज्या प्रजातीत ठेवली होती तिथून ती हलली आहे, एवढा इतिहास त्या दोन वाकड्या रेघा सांगतात. जात मूळ प्रजातीतच असती तर कंस आलाच नसता.

प्रत्येक प्रजातीचं नाव तिच्यातल्या एका ठरावीक जातीला, म्हणजे नमुना-जातीला, बांधलेलं असतं. झेनोक्रोफिस हे १८६४चं नाव सेरॅसोगॅस्टर या जातीला बांधलेलं. विरोळ्याचा गट तिच्यापासून वेगळा आहे असं ठरल्यावर नाव तिच्याकडेच राहिलं. मग विरोळ्याच्या गटासाठी १८६८चं, अडगळीत पडलेलं फाउलिया २०१८ साली पुन्हा वापरात आलं. "नवा साप सापडला" म्हणून फिरणाऱ्या पोस्टमध्ये यातलं काहीच नसतं.

अजून एक गंमत. दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याचं लिंग प्रजातीच्या नावाच्या व्याकरणातल्या लिंगाप्रमाणे फिरतं, आपल्या 'काळा-काळी-काळं'सारखं. पाण्यातल्याच एका सापाचं 'कोलुबर शिस्टोसस' हे नाव पुढे 'अॅट्रेटियम शिस्टोसम' झालं ते त्यामुळेच. पिस्केटर मात्र नाम आहे, अर्थ मासे धरणारा. त्यामुळे आडनावं किती बदलली तरी १७९९पासून त्यातलं एक अक्षरही हललेलं नाही.