सर्वसमावेशक रिसॉर्ट पॅकेज

सर्वसमावेशक रिसॉर्ट पॅकेज : राहणे, जेवणखाण आणि रिसॉर्टच्या आवारातल्या ठरावीक सोयी यांचा मिळून एकच दर लावून विकला जाणारा मुक्काम. बोलताना याला ‘ऑल इन्क्लुझिव्ह’, ‘विथ फूड’ किंवा नुसतेच ‘पॅकेज’ म्हणतात. दर माणशी नाहीतर जोडप्यामागे सांगतात. हॉटेलांच्या तारांकनासारखे या प्रकाराला सरकारी मोजमाप नाही. त्यामुळे एका ठिकाणी पॅकेज म्हणजे तीन वेळचे जेवण आणि पोहण्याचा तलाव, तर दुसरीकडे मद्य आणि विमानतळावरून ने-आणही त्यातच, असा फरक पडतो. आपल्याला काय मिळणार हे जाहिरातीतून कळत नाही. ते कळते बुकिंगच्या व्हाउचरवरच्या समाविष्ट आणि असमाविष्ट गोष्टींच्या यादीतून, आणि त्यातही दुसरी यादी आधी वाचावी.

उगम

आधुनिक स्वरूपात ही पद्धत युरोपात सुरू झाली. जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे ‘क्लब मेड’चे पहिले सुट्टीचे गाव वसवले. राहायला तंबू, जेवण सगळ्यांचे एकत्र, खेळ दरात धरलेले. मात्र बारमधल्या पेयांचा हिशेब वेगळा असे आणि तो पुढे गळ्यात घालायच्या मण्यांनी चुकता होई. म्हणजे या कल्पनेच्या माहेरीही ‘सगळे’ कधी सगळे नव्हते. पेयांसह सारे काही एका दरात देण्याची चाल पुढे कॅरिबियन बेटांवर रुजली. जमैकातल्या माँटेगो बे येथे १९८१ मध्ये सुरू झालेले ‘सँडल्स’ हे तिचे ठळक उदाहरण. मनगटावरच्या रंगीत पट्टीवरून कोणाला काय द्यायचे हे ओळखण्याची रीत आज जगभर दिसते.

पुण्याच्या आसपास

पुणेकरांच्या दृष्टीने या पॅकेजांचा पट्टा म्हणजे मुळशी-ताम्हिणी, पानशेत, लोणावळा-कामशेत-पवना, भोर, वाई-पाचगणी-महाबळेश्वर आणि थोडे लांबचे माथेरान. पण एकरकमी माणशी दर घेऊन दिवसभर खाऊ घालण्याचा आपला देशी प्रकार यांच्या शेजारीच आहे : हिवाळ्यातली हुरडा पार्टी. गूळभेंडी ज्वारीची भाजलेली कणसे, शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, दही, शेव, दुपारी पिठलं-भाकरी किंवा वांग्याचे भरीत, बैलगाडीची फेरी, हे सारे एका दरात. खरे तर हुरडा पार्टी हे बऱ्याच रिसॉर्टांपेक्षा प्रामाणिक पॅकेज आहे, कारण तिथे वेगळे विकण्यासारखे फारसे काही उरलेलेच नसते. कृषी पर्यटन केंद्रांची रीतही साधारण अशीच.

पवना धरणाकाठच्या तंबूंचे पॅकेज हा तरुण मंडळींचा आवडता प्रकार. संध्याकाळी चहा-भजी, मग बार्बेक्यू, रात्रीचे जेवण, शेकोटी, सकाळी पोहे-चहा. यातले जेवण पोटभर असते, पण बार्बेक्यू बहुधा मोजून : माणशी चिकनचे किंवा पनीरचे ठरलेले तुकडे. नौकाविहाराचे पैसे वेगळे, स्वच्छतागृह सामाईक. ‘वॉशरूम अटॅच्ड’ असे लिहिलेले नसेल तर ते नाही असे समजावे.

दराचे चार प्रकार

हॉटेल व्यवसायात मुक्कामाचे दर चार संक्षेपांनी ओळखतात. ईपी म्हणजे युरोपियन प्लॅन, फक्त खोली. सीपी म्हणजे कॉन्टिनेन्टल प्लॅन, खोली आणि सकाळची न्याहारी. एमएपी म्हणजे मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन, न्याहारी आणि दुपारचे किंवा रात्रीचे एक जेवण. एपी म्हणजे अमेरिकन प्लॅन, न्याहारी आणि दोन्ही जेवणे. आपल्याकडे ‘सर्वसमावेशक’ म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा निव्वळ एपी असते. मधला चहा-नाश्ता, थंड पेये, मद्य, स्पा, धुलाई, खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तू, खोलीवर मागवलेले जेवण हे एपीमध्ये येत नाही. पिण्याच्या पाण्याच्याही दोन बाटल्या मोफत आणि तिसरीपासून बिल, अशी तऱ्हा अनेक ठिकाणी आहे. फोनवर ‘सगळं आहे सर त्यात’ असे उत्तर आले, तर ‘म्हणजे एपी का?’ एवढे विचारले तरी समोरचा माणूस नीट बोलू लागतो.

तास आणि जेवणे

‘दोन रात्री तीन दिवस’ हा हिशेब घड्याळावर मांडून पाहिला की निराळाच दिसतो. चेक-इन दुपारी २ ला आणि चेक-आउट सकाळी ११ ला असेल, तर शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ मिळून ४५ तास होतात. दोन दिवसही भरत नाहीत. एपीमध्ये दोन रात्रींमागे दोन न्याहाऱ्या, दोन दुपारची आणि दोन रात्रीची जेवणे येतात. शनिवारी तिन्ही, शुक्रवारी रात्री, रविवारी सकाळी. उरलेले दुपारचे एक जेवण शुक्रवारचे की रविवारचे, हाच खरा प्रश्न. काही रिसॉर्ट पॅकेज शुक्रवारच्या दुपारच्या जेवणापासून सुरू करतात. मग पुण्याहून महाबळेश्वरचा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता, खंबाटकी घाटातली किंवा पसरणी घाटातली कोंडी आणि वाईला चहासाठी घेतलेला थांबा, एवढ्यात तीन वाजतात आणि बुफे आवरलेला असतो. चुकलेल्या जेवणाचे पैसे परत मिळत नाहीत. क्वचित त्याऐवजी बांधून देतात, पण तो त्यांचा चांगुलपणा. उशीर होणार असेल तर पहिले जेवण रविवारी दुपारी वळवून मिळेल का, हे निघण्याआधी विचारलेले बरे. आदल्या दिवशी सांगितले तर बरेच जण मान्य करतात. दारात उभे राहून सांगितले तर सहसा नाही.

बुफे की ठरलेली थाळी, हे पाहुण्यांच्या संख्येवर ठरते. शनिवार-रविवारी बुफे असतो. मंगळवारी चार खोल्या भरलेल्या असतील तर तेच रिसॉर्ट ठरलेल्या पदार्थांचे जेवण वाढते, आणि तशी अट व्हाउचरच्या तळाशी असते. जैन जेवण आणि संकष्टी-एकादशीचा उपवास यांची सोय पॅकेजात गृहीत धरू नये. आजींना साबुदाण्याची खिचडी हवी असेल तर ती बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावी, नाहीतर ती मेनूकार्डाच्या दराने येते.

मुलांचे वय हाही कळीचा मुद्दा आहे. पाच वर्षांपर्यंत मोफत, त्यापुढे बारापर्यंत निम्मा किंवा ठरावीक दर, आणि बारानंतर पूर्ण माणूस, अशी साधारण रीत असली तरी प्रत्येकाची सीमारेषा वेगळी. मोफत म्हणजे आईवडिलांच्या पलंगावर झोपणारे मूल. जादा गादी घेतली की दर बदलतो. ३१ डिसेंबरच्या मुक्कामाला ‘गाला डिनर’ सक्तीचे करून त्याचे पैसे पॅकेजवर वेगळे लावायची पद्धत आहे, मग तुम्ही नऊला झोपणारे असलात तरी.

आवाराबाहेरचे

पॅकेज रिसॉर्टच्या फाटकाशी संपते. महाबळेश्वरला नगरपालिकेचा प्रवासी कर, पॉइंटांवरचे पार्किंग, वेण्णा तलावातली नौका, पाचगणीच्या टेबललँडवरचा घोडा, कामशेतचे पॅराग्लायडिंग ही सगळी खिशातून. माथेरानला तर फाटकापर्यंत पोचणेच दराबाहेर असते. गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते, प्रवेशकर भरावा लागतो आणि तिथून पुढे पायी, घोड्यावर, रिक्षाने किंवा अमन लॉजहून छोट्या रेल्वेगाडीने जायचे. सामानाचा हमाल वेगळा. वाहने नसल्याने बाहेर जेवायला हिंडणे अवघड, म्हणून तिथल्या पुष्कळ हॉटेलांत जेवणासह मुक्कामच विकतात, आणि तो सोयीचाही पडतो.

पावसाळी पॅकेजातल्या ‘धबधबा दर्शना’चे तर काहीच सांगता येत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली माणसे वाहून गेल्यावर पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. असा आदेश असताना स्थळदर्शन रद्द झाले तरी रिसॉर्ट त्याचे पैसे परत देण्यास बांधील नसल्याची अट बहुतेक व्हाउचरांत असते.

कर आणि बिल

जाहिरातीतल्या आकड्यापुढे ‘प्लस टॅक्स’ असेल तर हिशेब करूनच बघावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. मूळ दरात फरक २०० रुपयांचा, हातातून जाणारा १,१९८ रुपयांचा. जेवण खोलीच्या दरातच धरून एक रक्कम लावली की ती ही सीमा ओलांडू शकते. म्हणून दर सीमेच्या आसपास असेल तर खोली आणि जेवण यांचे बिल कसे होणार, हे विचारून ठेवावे. मद्यावर जीएसटी नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे त्याचे बिल निराळे निघते. २ ऑक्टोबरसारख्या ‘ड्राय डे’ला पॅकेजातले मद्यही मिळत नाही.

सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. ऑनलाइन बुकिंगमध्ये शेवटच्या पानापर्यंत किंमत चढवत नेणे, ग्राहकाने न निवडलेला विमा किंवा देणगी बिलात सरकवणे, हे प्रकारही ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांनुसार निषिद्ध आहेत.

परदेशी पॅकेजे

इथे दांडी उडते ती प्रवासावर. मालदीवमध्ये जेवण आणि पेये धरलेली असली, तरी माले विमानतळापासून रिसॉर्टच्या बेटापर्यंतची स्पीडबोट किंवा सीप्लेन अनेकदा बाहेर असते. सीप्लेन उजेडातच उडते. विमान संध्याकाळी उतरले तर एक रात्र माले किंवा हुलहुमाले येथे स्वखर्चाने काढावी लागते, आणि तेवढीच रिसॉर्टची भरलेली रात्र वाया जाते. तिथला पर्यटन जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला १२ डॉलर हरितकर. हे दोन्ही दरात धरले आहेत का, ते पाहावे. भारतात विकल्या जाणाऱ्या परदेशी टूर पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ कापून घ्यायचा प्राप्तिकर, वसूल होतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात तो १० लाख रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरील रकमेवर २० टक्के होता. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण भरताना पैसे तयार ठेवावे लागतात.

लेखी पुरावा आणि दाद

फोनवरचे आश्वासन व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागावे : चेक-इनची वेळ, पहिले आणि शेवटचे जेवण, मुलांचा दर, करासह एकूण रक्कम, रद्द केल्यास रोख परतावा की पुढच्या मुक्कामाचे क्रेडिट. संकेतस्थळ खोटे निघाले आणि पैसे गेले, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. सेवेबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर करता येते.

ग्राहक चळवळ पुण्याला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची सुरुवात १९७४ मध्ये इथेच केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होऊ शकते. त्यामुळे गोव्यातल्या रिसॉर्टने कबूल केलेली सेवा दिली नाही, तर कोथरूडच्या कुटुंबाला पणजीला खेटे घालावे लागत नाहीत. पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करता येतो, सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही, आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तो घरबसल्याही भरता येतो.